कोटाची इस्त्री

चिमणी दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकायची. पायाने दाबलं की वर जाणाऱ्या, हळूच मागे झुकणाऱ्या, डोक्यावर दिवा असलेल्या. खुर्चीबद्दल बोलायला लागली की समोरच्याला दुखणारी दाढ विसरायला लावायची, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की एवढंसं तोंड करून बसायची. चाळिशीला टेकली तरी घरात तिचं चिमणी हे नाव टिकलं ते त्यामुळेच.

कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा तिला परगावी हॉटेलात राहावं लागे. कंपनी फक्त खोलीचं भाडं द्यायची. त्यावर हॉटेलवाले जे काही लावतील ते तिच्या पदरचं. निघताना काउंटरवर कागद पुढे आला की ती न वाचताच पैसे काढून द्यायची. मागे रांग असते, लोक बघतात, कोण हुज्जत घालणार?

या वेळी मात्र सासूबाई सोबत आल्या होत्या. नवरा महिनाभर कामानिमित्त बाहेर, आणि सासूबाई म्हणाल्या, "घरात भिंतींशी किती बोलू? मीही येते." बत्तीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून राबलेली बाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण नजर अजून ड्युटीवर होती.

दोघी दुपारी पोचल्या. खोली तयार होती, पण दोनच्या आत हवी असेल तर जादा आकार पडेल, असं काउंटरवरचा टायवाला कारकून हसत म्हणाला. दोघी सोफ्यावर बसून राहिल्या. तेवढ्या वेळात सासूबाईंनी टेबलावरची दरपुस्तिका पेशंटच्या केसपेपरसारखी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली.

"दुसऱ्या उशीला पैसे," त्या चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. "अगं, उशी पेशंटने मागायच्या आधी द्यायची असते."

"आई, आपण पेशंट नाही."

"अजून नाही."

इंटरनेट फुकट होतं, पण खाली सोफ्यावर बसून, आणि तेही अर्धाच तास. चहाच्या पहिल्या दोन पुड्या फुकट, तिसरीपासून मोजणी. व्यायामशाळाही फुकट होती. तिथे एक सायकल होती, तिला सीट नव्हती. इस्त्री तासाच्या भाड्याने मिळायची, पण अख्ख्या हॉटेलात पाहुण्यांसाठी एकच, आणि ती सकाळी आठपर्यंत दुसऱ्या कुणीतरी अडवून ठेवली होती. चिमणीने बॅगेतून काढलेला कोट तर गाईच्या तोंडातून ओढून काढल्यासारखा दिसत होता, आणि खुर्ची दाखवायला तिला सकाळी नऊला डॉक्टरांसमोर उभं राहायचं होतं.

सकाळी सहाला नळाला गार पाणी. तिने खाली फोन केला.

"गरम पाणी सात ते नऊ, मॅडम. आधी हवं असेल तर..."

"जादा आकार," पलंगावरून सासूबाईंनी वाक्य पुरं केलं.

चिमणीने दात वाजवत गार पाण्याने आंघोळ उरकली. बाहेर येऊन बघते तर सासूबाई नाहीत आणि कोटही नाही. काउंटरवर विचारलं, नाश्त्याच्या खोलीत डोकावली, शेवटी एका सफाईवालीने तळघराकडे बोट केलं. खाली धुलाईची खोली होती. वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. मधोमध मोठ्या इस्त्रीच्या टेबलाशी सासूबाई बाह्या सारून उभ्या होत्या आणि उशांच्या अभ्र्यांवर सपासप इस्त्री फिरवत होत्या. शेजारी धुलाईवाली बाई स्टुलावर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. तिच्या उजव्या मनगटाला सासूबाईंचा रुमाल घट्ट बांधलेला होता. कोट कडक होऊन खुंटीला लटकत होता.

"आई, हे काय?"

"हिचं मनगट मुरगळलंय. एका हाताने ही बिचारी काय काय करणार? तू जा, उशीर होईल. आणि काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी माणूस घाबरतं."

चिमणी गेली. त्या सकाळी तिचं बोलणं असं रंगलं, की एक म्हातारे डॉक्टर नमुन्याच्या खुर्चीत पडल्या पडल्या घोरायलाच लागले. त्यांच्या बायकोने, त्याही दातांच्याच डॉक्टर, तिथल्या तिथे चार खुर्च्या सांगितल्या.

दुपारी हॉटेल सोडताना टायवाल्याने कागद पुढे केला. चिमणीचा हात सवयीने पर्समध्ये गेला. मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या काउंटरवरच्या फुलदाणीतली वाळलेली पानं खुडत होत्या. चिमणीने हात बाहेर काढला आणि कागद वाचायला लागली.

"ही तातडीची इस्त्री कसली? दुप्पट दराने?"

"तुमचा कोट, मॅडम. सुपरवायझरनी खाली पाहिला."

"तो माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने केलाय."

"पण इस्त्री आमची, वीज आमची."

"आणि अभ्रे कुणाचे?" आपला आवाज इतका स्पष्ट निघाल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "तुमचे तीस अभ्रे त्यांनी करून दिलेत. त्याचे किती लावता सांगा, मग कोटाचे बघू."

मागे रांग होती, आणि लोक बघतही होते. रांगेतला एक बॅगवाला म्हणाला, "विचारा, विचारा. मलाही रात्री एका उशीवर झोपवलंय यांनी."

टायवाल्याने नाइलाजाने तळघरात फोन लावला. धुलाईवालीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तीस नाही, छत्तीस. आणि आज घड्या बघा कशा झाल्यात. बाईंना म्हणावं, मनगटाची सूज उतरली."

टायवालाही मग हसला. त्याने इस्त्री खोडली. चिमणीला आता हुरूप आला होता. "आणि हा खोलीतल्या तिजोरीचा आकार? आम्ही तिला हातही लावलेला नाही," ती म्हणाली. त्याने तोही खोडला. दुसऱ्या उशीचे आणि चहाच्या तिसऱ्या पुडीचे तिने मुकाट्याने दिले, कारण ते खरे होते.

बाहेर रस्त्यावर आल्यावर सासूबाईंनी मागे वळून हॉटेलचं दार बंद झाल्याची खात्री केली.

"चिमणे, तिजोरी मी उघडली होती."

"काय? कशाला?"

"आत धूळ आहे का बघायला. चिक्कार होती."

चिमणी बॅग खाली टेकवून हसत सुटली. "मग आता परत जाऊन द्यायचे का पैसे?"

"धूळ पुसली ना मी," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.