दुसऱ्याच्या माणसाचं नाव

आसेगावच्या लुथरन मंडळीत प्रभुभोजनाच्या भाकरीचा गहू रंगूबाई आणि प्रयागबाईच दळत. आदल्या दिवशी, उपाशीपोटी, पाळकांच्या पडवीतल्या मोठ्या जात्यावर. ते जातं एकटीला ओढवत नसे.

त्या साली, बेचाळीसच्या भादव्यात, रंगूबाईचा लेक सोमला इंग्रज सरकारच्या पलटणीत दूर मिसर देशी, इजिप्तला होता, आणि प्रयागबाईचा नवरा उकंडराव झेंडा घेऊन निघाला म्हणून अकोल्याच्या तुरुंगात. मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, सरकारच्या विजयासाठी प्रार्थना करा. दुसरा म्हणे, तसं केलंत तर आम्ही लिंबाखाली वेगळी उपासना मांडतो. पाळक जगदेवांनी मंडळी फुटू नये म्हणून सांगून टाकलं, "प्रार्थनेत कोणाचंच नाव नको. ना पलटणीतल्याचं, ना तुरुंगातल्याचं."

रंगूबाईला ते लागलं. शनिवारी दुपारी ती आली, पण पडवीच्या दारातच उभी राहिली.

"बस ना वो बाई," प्रयागबाई म्हणाली. "कवाची घासून राह्यली मी एकटी. रवा पडून राह्यला नुसता."

"जिथं माह्या लेकराचं नाव चालत नाही, तिथलं पीठ मी कायले दळू?"

"माह्या मालकाचं चालते का मंग?"

"तुह्या मालकानं माह्या पोराले सायबाचा चाकर म्हटलं. भर बजारात."

"म्हटलं खरं," प्रयागबाई म्हणाली. "त्याच्या तोंडाले दार नाही." आणि मान खाली घालून तिनं जात्याला फेरा दिला. फेऱ्यासंगं ओवी आली.

*मिसरच्या वाळूमंदी बाई, ऊन तापलं तव्यावानी,*
*आमच्या सोमलाले देवा, देजो घोटभर पानी.*

रंगूबाई तशीच उभी. मग पदर खोचून समोर बसली, खुंट्याला हात लावला. जातं हलकं झालं. पीठ मऊ पडू लागलं.

"आता तू म्हन," प्रयागबाई हळूच म्हणाली.

कितीतरी फेरे गेले. रंगूबाईच्या ओठावर नाव येई आणि बजार आठवून मागं फिरे. शेवटी ती म्हणाली,

*उकंडरावाचं तोंड मोठं बाई, तुरुंगाचं दार लहान,*
*सोड त्याले देवा घरी, तुले त्याच्या लेकरायची आन.*

प्रयागबाई हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. पिठाचा हात गालावर उमटला.

ओट्यावर उपदेशाची तयारी करत बसलेल्या पाळकांचा हात थांबला होता.

रविवारी प्रार्थनेच्या वेळी ते म्हणाले, "इथं जय-पराजय मागायचा नाही. त्यासाठी बाहेर चावडी आहे. पण ज्यांची माणसं दूर आहेत त्यांची नावं घेऊ. आपल्या माणसाचं नाही. शेजारच्याचं."

खादीची टोपी मांडीवर ठेवून बसलेले खाली बघत होते, पलटणीवाल्यांचे बाप भिंतीकडे.

रंगूबाई उठली. "उकंडराव," म्हणाली. "अकोल्याच्या तुरुंगात हायेत. तब्येत सांभाळ त्यायची."

मग ती बसली. आता सोमलाचं कोण घेतं?

प्रयागबाई उठायला लागली. पण तिच्याआधी टोपीवाल्यांतून तिचा दीर मदनसिंग उभा राहिला. लिंबाखालची सतरंजी यानंच आणून ठेवली होती. घसा साफ करून तो म्हणाला, "सोमला. रंगूबाईचा. मिसरात हाये. सुखरूप आन त्याले, बापा."

आमेन एकदम आलं नाही. इकडून एक, तिकडून एक, काही अगदी उशिरा. रंगूबाई डोळे मिटून एकेक ऐकत राहिली.