बापाची सातची दुर्बीण

माझ्या दुर्बिणीवर ७ गुणिले ५० असे कोरलेले आहे, म्हणजे सात पट मोठे दिसते आणि भिंग पन्नास मिलिमीटरचे. त्यातला सात बापाच्या अंगठ्याने घासून घासून निम्मा पुसला गेला आहे. उजव्या भिंगावर एक ओरखडा आहे आणि पट्टा कुडू हरणाच्या कातड्याचा, मीच शिवलेला. बाप ज्या शेतमालकाकडे जनावरांचा माग काढायचा, त्याने देश सोडताना ती बापाच्या गळ्यात घातली आणि बापाने मरताना माझ्या. पण या सातच्या आकड्यावरून गावाने मला जेवढे बोल लावले, तेवढे मी नवरा सोडला तेव्हाही लावले नव्हते.

मी एमगार्ड उइरास. शिकाऱ्यांना रान दाखवायची सरकारी परीक्षा पास झालेली आमच्या भागातली पहिली बाई. रान गावाचे, जनावरे गावाची, मांसही गावात वाटले जाते. पण परदेशी शिकाऱ्यांना घेऊन हिंडायचे काम दहा वर्षे राजधानीतल्या, विंडहुकच्या होल्त्सकडे होते. या वर्षी गावसमितीने मनाचा हिय्या केला आणि ठरवले की हंगामभर एमगार्ड पुढे चालेल, होल्त्स मागून बघेल. ती कसोटीला उतरली तर पुढच्या वर्षापासून शिकारीचे काम गावाचे. चुकली तर होल्त्सला पाच वर्षांचा नवा करार. कागद तयार होता, फक्त सही बाकी होती.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात समितीचे अध्यक्ष ऊम थियोफिलस यांनी मला पत्र्याच्या कचेरीत बोलावले. ऊम म्हणजे काका; हा माणूस बापाचा मित्र. टेबलावर नवे कोरे खोके होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरात नातू झाल्याचा आनंद.

"उघड, उघड! होल्त्सकडे दहाची आहे ना? आपली बाराची! बारा पट मोठं दिसतं."

मी दुर्बीण हातात घेतली, दारातून एकदा डोंगराकडे बघितले आणि पुन्हा खोक्यात ठेवली.

"चांगली आहे, ऊम. पण मला नको."

"नको? अगं, सगळ्या समितीने हात वर करून मंजूर केलीय!"

"हात वर करणाऱ्यांपैकी टेकडी किती जण चढतात? वर पोचल्यावर छाती भात्यासारखी चालते. सातने बघितलं तर जनावर जरा हलतं. बाराने बघितलं तर नाचतं."

"मग श्वास रोखून धर की."

"मी शिकारीला चाललेय ऊम, बुडी मारायला नाही."

ते हसले नाहीत. "तुझ्या बापाला दुसरी मिळाली नाही म्हणून त्याने ती वापरली. तुला गाव नवी देतंय आणि तू ती गावाच्या तोंडावर फेकतेस. लोक काय म्हणतील? मोठी साहेबीण झाली!"

"म्हणू देत," मी म्हणाले आणि कचेरीतून बाहेर पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण आकडा मोठा म्हणून चांगली, हे मला पटत नव्हते आणि न पटलेली गोष्ट गळ्यात घालून मी चालणार नव्हते.

हंगाम चांगला गेला. दोन कुडू, चार स्प्रिंगबॉक हरणे, एकही चूक नाही. शेवटी एकच परवाना उरला, तो गेम्सबॉकचा आणि तोही फक्त म्हाताऱ्या नराचा. गेम्सबॉक म्हणजे भाल्यासारख्या सरळ शिंगांचे मोठे हरीण. त्याची खोड अशी की शिंगे नरालाही असतात आणि मादीलाही. उलट मादीचीच जास्त लांब, फक्त बुडाशी बारीक. लांबीला भुलून मादी मारणारे शिकारी आमच्याकडे पोत्याने येऊन गेले आहेत.

शिकारी होता ऑस्ट्रियाचा पिख्लर. माणूस सज्जन, पण पोट त्याच्या आधी टेकडी चढायचे. होल्त्सने समितीची बाराची दुर्बीण सोबत आणली होती. "तुला नको तर मी वापरतो," तो म्हणाला आणि स्वतःची दहाची जीपमध्ये ठेवून दिली. म्हणजे त्यालाही बाराचा मोह पडला होता.

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही लाल दगडांच्या टेकडीवर पोचलो. खालच्या माळावर ऊन पेटले होते आणि जमिनीवरून वाफा उठत होत्या. गेम्सबॉकचा कळप लांब होता; पण अलीकडे, चारशे पावलांवर, एका मोपाने झाडाजवळ एक जनावर एकटेच चरत होते. उंच गवतात त्याचे पोट बुडाले होते, त्यामुळे नर की मादी ते खालून कळायला मार्ग नव्हता.

होल्त्सने बाराची लावली. "एकटा आहे. म्हातारे नर असेच एकटे राहतात. आणि शिंगांची बुडं बघ, मनगटाएवढी जाड!" त्याने ती पिख्लरला दिली. पिख्लर धापा टाकत बघू लागला आणि जर्मनमध्ये वा वा करू लागला.

मी लगेच बघितले नाही. बापाने मला मारून मुटकून एकच गोष्ट शिकवली होती, की वर पोचलीस की आधी श्वास खाली बसू दे. मी बसले, काठी जमिनीत रोवली, काठीच्या टोकावर मूठ आणि मुठीवर दुर्बीण टेकवली. मग बघितले.

सातमध्ये जनावर लहान दिसते. पण त्या गोल चकतीत जनावराबरोबर झाड दिसते, झाडाच्या उजवीकडचे गवत दिसते आणि त्यापलीकडचे काटेरी झुडूपही दिसते. जनावराने दोन घास खाल्ले, मान वर केली आणि त्या झुडपाकडे बघितले. पुन्हा दोन घास, पुन्हा झुडपाकडे. वारा तिकडून येत नव्हता. कळप तिकडे नव्हता. म्हातारा नर असा कशाची काळजी करीत चरत नाही. पोट भरले की तो झोपतो.

"ही मादी आहे," मी म्हणाले. "त्या झुडपात तिने पाडस लपवलंय."

होल्त्स हसला. "मला शिंगं दिसतायत आणि तुला झुडूप!"

"मला झुडूपही दिसतंय, म्हणून तर सांगतेय. तुमच्या दुर्बिणीत वाफ बारा पट झालीय, होल्त्ससाहेब. वाफेत शिंग फुगतं. लांबी बघा, एवढी लांबी नराची नसते."

"एमगार्ड, पोरी, मी हे काम तू शाळेत जायच्या आधीपासून करतोय."

"असेल. पण या वेळी परवाना माझ्या नावावर आहे. मी हो म्हणेपर्यंत गोळी सुटणार नाही."

पिख्लरने बंदूक तिकाटण्यावर ठेवलीच होती. होल्त्स त्याच्या कानाशी जर्मनमध्ये दोन शब्द बोलला. मला जर्मन येत नाही, पण माणसाचे बोट घोड्याकडे सरकले की त्याला भाषा लागत नाही. मी ताडकन उभी राहिले आणि जोरात टाळ्या पिटल्या. जनावर उधळले. धुळीचा लोट उठला आणि मग मोपानेचे झाडही दिसेना.

पिख्लर लाल झाला. होल्त्स मात्र शांत होता आणि तेच वाईट होते. "झालं," तो म्हणाला. "आता समितीपुढे बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आना नावाच्या मोठ्या झाडाखाली सभा बसली. होल्त्सने सगळे सांगितले आणि बहुतेक खरेच सांगितले. पाहुण्याच्या बंदुकीसमोरून मी जनावर पळवले. समितीने घेऊन दिलेली दुर्बीण मी वापरली नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

ऊम थियोफिलस थकल्यासारखे बोलले. "एमगार्ड, माफी माग. नवी दुर्बीण गळ्यात घाल. होल्त्स म्हणतोय, तुला माग काढायला ठेवून घेईल. तुझा बाप तेच करत होता, त्यात कमीपणा नाही."

हे त्यांनी मायेने म्हटले होते, म्हणून जास्त लागले. चाळीस वर्षे बाप दुसऱ्याच्या पुढे वाकून माग काढत चालला आणि गोळी कुणावर झाडायची ते मागून येणाऱ्याने ठरवले. मी परीक्षा दिली ती त्यासाठी नव्हती.

"माफी मागणार नाही," मी उभी राहून म्हणाले. "उगाच भांडतही नाही. ते जनावर म्हातारा नर असेल, तर कालच्या टाळ्यांनंतर तो तीन डोंगर पलीकडे गेला असेल. मादी असेल आणि पाडस लपवलेलं असेल, तर ती कुठेही जाणार नाही. फिरून त्याच झाडापाशी आलेली असेल. सूर्य अजून वर आहे. चला टेकडीवर."

होल्त्सने मांडीवर थाप मारली. "पाडस दिसलं तर करार मीच फाडतो! आणि नाही दिसलं तर?"

"तर ही दुर्बीण तुमच्या जीपला टांगा. मी शेळ्या राखीन."

पाच जण चढलो. होल्त्स, ऊम थियोफिलस, समितीतले दोघे आणि मी. ऊम निम्म्यात दोनदा बसले. वर पोचल्यावर मी तोंडाने धीट होते, पण मनातून नव्हते. रात्री तरस फिरला असेल तर? पाडस कालच मेले असेल आणि आई कळपात निघून गेली असेल तर? आणि मीच चुकले असेन तर?

मोपानेपाशी जनावर होते. तिथेच, एकटेच.

"नर," होल्त्स म्हणाला. "टाळ्यांना घाबरून लांब गेला नाही, एवढंच." त्याने बाराची ऊमना दिली. ऊम धापा टाकत बघू लागले आणि त्यांच्या तोंडून शिवी निघाली. "सगळं पाण्यात पडल्यासारखं हलतंय रे. शिंग आहे का शेपूट आहे?"

"श्वास रोखून धरा की, ऊम," मी म्हणाले. समितीतला एक जण फिस्सकन हसला.

आम्ही थांबलो. जनावर चरत राहिले, झुडपाकडे बघत राहिले. सूर्य डोंगराला टेकला आणि मग बुडाला. माळ आधी तांबडा झाला, मग करडा. होल्त्सने दुर्बीण खाली केली, भिंगे रुमालाने पुसली, पुन्हा लावली.

"अंधार पडला. काही दिसत नाही. चला खाली."

"तुमच्या दुर्बिणीत पडला असेल," मी म्हणाले. "माझ्या सातमध्ये अजून पडला नाही. पट जितकी कमी, तितका उजेड डोळ्यात जास्त."

काठीवर मूठ, मुठीवर दुर्बीण. भिंगात माळ अजून उजळ होता. जनावराने चरणे थांबवले होते. हळूहळू, चार पावले चालत आणि थांबत, ते झुडपाकडे निघाले. मी काठी आणखी घट्ट धरली. झुडपाच्या बुडाशी काहीतरी तांबूस उठले. ते काटक्यांसारख्या पायांवर डुलले आणि सरळ जनावराच्या पोटाखाली घुसले.

मला रडू येत होते आणि होल्त्ससमोर मी रडणार नव्हते. मी काठीसकट दुर्बीण ऊम थियोफिलसकडे सरकवली.

त्यांनी बघितले. खूप वेळ बघितले. "पितंय," ते म्हणाले. "शेपटी हलवतंय, लबाड. एमगार्ड, काल तू टाळ्या पिटल्या नसत्यास तर..." त्यांनी दुर्बीण पुढे सरकवली. समितीतल्या दोघांनीही आळीपाळीने बघितले. होल्त्स बाराची डोळ्यांना लावून उभाच होता, त्या काळोखात काहीतरी सापडेल म्हणून.

शेवटी त्याने हात पुढे केला. "जरा दे इकडे."

"देते. आधी पट्टा मानेत घाला. बापाची आहे, पडली तर दुसरी मिळणार नाही."

त्याने मान वाकवली आणि कुडूचा पट्टा गळ्यात घातला. त्याला तीस वर्षांचा अनुभव होता, काय बघतोय ते त्याला सांगावे लागले नाही.

"दिसलं?" मी विचारले.

तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही, होल्त्ससाहेब. समिती इथे बसलीय. मोठ्याने सांगा."

त्याने दुर्बीण खाली घेतली, पण गळ्यातून काढली नाही.

"मादी आहे," तो म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असे. "पाडस आहे."

"आता काढा ती," मी म्हणाले आणि माझी दुर्बीण परत मागून घेतली.