पान एकशे बारा

केसांची काळी पिन, एका टोकाचा रंग उडालेली — आणि ती पुस्तकाच्या पान एकशे बारावर… तिने स्वतः घातलेली पानाची घडी शहाण्णववर होती तशीच होती. म्हणजे आपल्यापुढे कुणीतरी चाललं होतं, सोळा पानं पुढे. आणि घरात दुसरं होतं तरी कोण? सासूबाई.

दिवसभर एक्स-रेच्या खोलीत अनोळखी माणसांची हाडं बघायची, घरी आलं की चहा घेऊन खिडकीपाशी बसायचं आणि अर्धा तास ह्या खुनाच्या पुस्तकात डोकं खुपसायचं — गेले सहा महिने तिला एवढंच जमत होतं. पुस्तकात माणूस मेला की का मेला ते शेवटी कळतं. तिचा नवरा मात्र ऑफिसचा जिना चढता चढता खाली बसला, तो बसलाच… आणि परवा नणंदेचा फोन. रविवारी येते, आईला माझ्याकडे नेते, तुलाही जरा मोकळं वाटेल, वहिनी. मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच — का म्हणाले मी?

ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"आई, हे तुम्ही वाचताय?"

मटार सोलणारे हात थांबले. "तू कामावर गेलीस की घर खायला उठतं गं. म्हटलं, एवढं काय असतं त्यात बघावं." मग चोरी पकडल्यासारख्या पुटपुटल्या, "तुझी घडी नाही हं मोडली."

"खुनी कोण ते सांगू नका फक्त."

"मला कुठे कळलाय अजून! माळी नाही, एवढं नक्की. फारच गरीब चेहऱ्याने वावरतो मेला. आपल्याला बनवताहेत."

तिला हसू आलं — मोठ्याने, आणि त्या आवाजाने तीच दचकली.

"रविवारपर्यंत संपायला हवं मात्र," सासूबाई मटारांकडे बघत म्हणाल्या.

"घेऊन जा ना बरोबर."

"आणि तू?"

पुस्तकाबद्दलच विचारलं होतं त्यांनी… बहुतेक. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "डोळे दुखताहेत माझे. वाचून दाखवता?" डोळे मुळीच दुखत नव्हते.

सासूबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि एका शब्दाने कुरकुर न करता एकशे बारावरून मागे शहाण्णववर आल्या. वाचू लागल्या. वाक्याच्या मध्ये उगाच रेंगाळायचं, आणि शेवट आला की घाईघाईने उरकून टाकायचा — तो बाहेरच्या खोलीतून पेपरातली बातमी वाचून दाखवायचा, ती अगदी अशीच. म्हणजे म्हणून… म्हणून ती सहा महिने चहाचा कप सासूबाईंपुढे ठेवून, दमलेय म्हणत, खिडकीकडे निघून जात होती. म्हणून ते लगेचचं हो.

बागेत कोण उभं होतं, दार कुणी उघडलं, तिला काही कळत नव्हतं. दर वाक्याला तो येत होता, जात होता.

"ऐकतेयस ना?"

"हं. वाचा."

पान उलटताना सासूबाई क्षणभर थांबल्या, आणि आवाज तेवढाही तुटू नये म्हणून तिनेच घाईने ते उलटलं.