बँकॉकच्या गाडीवरचा विंचू

खताच्या कंपनीनं टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना बँकॉक दाखवायचं ठरवलं, तेव्हा मुरुडच्या ग्यानोबानं बायकोलाही बरोबर घेतलं. प्रेमानं नव्हे. तिकीट जोडीचं होतं आणि फुकटचं वाया गेलेलं त्याला सोसत नसे. शिवकन्येलाही घरात अडकून पडण्यासारखं काही उरलं नव्हतं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, त्यातल्याच एकात पोरगा बजरंग डॉक्टर व्हायला बसला होता आणि तिथंच खोली करून राहायचा.

बजरंगच्या आधी तिला एक मुलगी होती, उज्वला. भूकंपात घर पडलं, त्यातून पोर वाचली, आणि पुढं पत्र्याच्या शेडमध्ये झोपेत विंचू चावून गेली. त्याच रात्री ग्यानोबानं शिवकन्येला सगळ्या वस्तीसमोर लाथाबुक्क्यांनी तुडवलं होतं. "गोधडी झटकली न्हाईस. पोर खाल्लीस तू!" तिचा दात पडला, बरगडी मोडली. बरगडी सांधली, पण ते बोलणं काही थांबलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी तो तेच काढायचा. त्या रात्री आपण गोधडी झटकली होती की नाही, हे तिला किती डोकं खाजवलं तरी आठवत नसे. आठवत नाही म्हणजे झटकली नसणार, असं तिनं मानून टाकलं होतं.

बँकॉकला संध्याकाळी सगळी मंडळी बाजारात निघाली. एका गाडीवर तळलेल्या अळ्या होत्या, नाकतोडे होते, आणि काडीला टोचलेले काळे विंचू होते. शिवकन्या तोंडाला पदर लावून मागं सरली.

"ग्यानोबाशेट, हाय का हिंमत?" हदगावचा दुकानदार मन्मथ मोबाईल रोखून म्हणाला.

ग्यानोबाच्या पोटात बिअर होती, आणि हिंमत विचारली की तो चेकाळायचाच. त्यानं काडी घेतली, नांगी दातानं तोडली आणि कुरकुर चावून गिळली. सगळे खदखदून हसले. माणूस इतका निगरगट्ट कसा असतो, तेच शिवकन्येला कळेना.

"ह्येला काय भ्यायचं?" दातांत काडी धरलेल्या ग्यानोबाला आता जोर चढला. "भूकंपात पडलेल्या घरातले सागवानी वासे शेडात आणून ठेवले. एकाच्या फटीत असलाच बसला व्हता. मला दिसला की! पर वासे भाईर ठेवले तर चोरीला जायचे. म्हटलं, बस रातभर, सकाळी बघतो तुला."

ते वासे उज्वलेच्या उशालगत रचलेले होते.

शिवकन्येनं चप्पल काढली. पहिला फटका तोंडावर बसला आणि तोंडातली काडी गालात घुसली. दुसऱ्या फटक्याला तो गाडीवर आदळला. परात उलटली, किडे रस्त्यावर सांडले, गाडीवाली किंचाळत सुटली. मन्मथ धरायला धावला, त्यालाही एक बसली.

"येडी झालीस का? लोक बघायलेत!" ग्यानोबा ओरडला. त्यानं सवयीनं हात उगारला. तिनं त्या मनगटात दात रुतवले आणि रक्त येईतो ते सोडलं नाही.

"कोणत्या राती दिसला?" तिनं त्याची गचांडी धरली. जन्मभराचं अहो-जाहो त्या क्षणी सुटलं. "बोल, न्हाईतर डोळा काढते तुझा!"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. आता कोणीच हसत नव्हतं.

"त्याच राती," तो म्हणाला.

"मंग मला का मारलंस?"

तिनं चपलेनं पुन्हा कानशील फोडलं.

"सांगतो, सांगतो!" त्याच्या गालातून रक्त गळत होतं. "माझ्यावर येऊ नये म्हणून मारलं. तू झटकली व्हतीस गोधडी. दोनदा झटकलीस. मी बघितलं व्हतं."

चप्पल तिच्या हातातून गळून पडली. ती तिथंच, सांडलेल्या किड्यांमध्ये फतकल मारून बसली आणि "उज्वला, माझ्या बाई गं" म्हणून तिनं हंबरडा फोडला. त्या नावानं मोठ्यानं रडायचा आपल्याला हक्क नाही, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.