हत्तीखालची ओटी

या मायबापहो, जरा जवळ सरका. मागं बसलेल्या बायांनो, तुम्हीही पुढे या. ही गोष्ट तुमचीच आहे. आज देवादिकांची कथा नाही. नांदुऱ्याच्या एका तेलगिरणीतली सांगतो. सांगताना आवाज चढला, तर तो राग तुमच्यावर नाही एवढं समजून घ्या.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही हकीकत. उकंडरावांच्या गिरणीत सरकी साध्या पोत्यांतून रिकामी होत नसे. चार पोती उसवून एक शिवलेलं, आठ मणांचं धूड! मजूर त्याला 'हत्ती' म्हणत. चार गडी कप्पीवरच्या दोरानं हत्ती वर ओढत. तो सरकी साठवायच्या हौदावर लोंबकळत राही आणि खाली उभं राहून कोणीतरी त्याच्या तोंडाची सुतळी सोडी. सरकीच्या अंगावर रुई असते, ती एकमेकीला धरून बसते. अशी तुंबली, की खालूनच हात घालून उकरायची!

हंगामाच्या पहिल्या दिवशी आणखी एक रीत होती. दिवस गेलेल्या मजूरबाईला हौदावरच्या फळीवर, पहिल्या हत्तीखाली उभं करायचं. तिनं पदर पसरायचा, सुतळी ओढायची. पहिली सरकी तिच्या ओटीत पडली, की गिरणीला बरकत.

एका वर्षी त्या फळीवर रुख्मिणी होती. सहावा महिना. दोर तुटला. पुढचं माझ्यानं सांगवत नाही. उकंडराव म्हणाले, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." तिसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला.

वर्ष फिरलं. कार्तिकातली सकाळ. हौदाशी रांगोळी घातलेली, नीळकंठबुवांचं कीर्तन नुकतंच संपलेलं, सगळ्यांच्या कपाळावर बुक्का ताजा. आणि फळीकडे कोण निघाली? कोकिळा! रुख्मिणीची धाकटी जाऊ, पाचवा महिना लागलेली.

"त्याच घरची ओटी भरली म्हंजे मागचा अपशकुन फिटते, बुवा," उकंडराव समजावत होते. "कोकिळे, भेऊ नको वं. देवाचं नाव घे अन् राह्य उभी."

"मालक, दोर नवा हाये नं?"

"नवाच समज."

नवाच समज! ऐकलंत ना, सज्जनहो?

दोरावर सगळ्यांत पुढे फकीर मोहम्मद होता, गिरणीतला सगळ्यांत जुना माणूस. त्यानं हत्ती वर घेतला, दोर खुंट्याला आवळला आणि येऊन कोकिळेच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"बेटी, हत्तीखाली जाऊ नको."

"चाचा, मालक बोलून राह्यले..."

"बोलू दे."

"काऊन बे फकीर?" उकंडराव गरजले. "शुभ वेळेले आडवा येतं? ओटीतलं तुले काय कळते?"

"मले दोर कळते, मालक!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "मागल्या साली दोर माह्या हातात होता. कप्पीची कडा त्याले कापून राह्यली होती. आठ रोज आधी म्या तुमाले सांगतलं. तुम्ही म्हणले, हंगाम जाऊ दे. रुख्मिणी गेली! तिचं आयुष्य तेवढं नोतं, मालक. तुमचा दोर तेवढा होता!"

बायांनी तोंडाला पदर लावले. उकंडराव बुवांकडे वळले. "तुम्हीच सांगा याले. धर्माचं काम हाये."

नीळकंठबुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कीर्तनात इतका गोड चालणारा तो गळा, पण आता त्यात धार होती. "उकंडराव, ओटी भरतात ती बाई सुखरूप सुटावी म्हणून. जिच्या डोक्यावर आठ मणांचं मरण टांगलंय, तिची ओटी कोणत्या देवाला पोचेल? धोका नाही म्हणता ना? मग आज तुम्ही उभे राहा. पदराऐवजी उपरणं पसरा."

"राह्यतो नं! त्यात काय!"

उपरणं पसरून उकंडराव फळीवर चढले. वर पाहिलं. हत्ती हळूच अर्धा वळला. तुळई कुरकुरली. चिमूटभर माती पागोट्यावर पडली, आणि उकंडरावांनी अशी उडी मारली, की थेट रांगोळीत बसले! कोणी ढकललं नव्हतं.

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली.

कोकिळा हळूच म्हणाली, "मालक, तुमाले तं मांगं सरता आलं."

उकंडरावांची मान खाली गेली. रांगोळीचा रंग हाताला लागला होता, तो पुसायचंही त्यांना सुचेना. ते म्हणाले, "फकीर, कसं करावं ते सांग."

फकीर मोहम्मदनं वर्षभर मनात तेच धरलं होतं. सुताराकडून ओझं पेलणारी, मधे मोकळी अशी सागाची चौपायी घोडी करून कोठीमागं ठेवली होती. हत्ती बाजूला उतरवला. घोडी हौदावर ठेवली. कप्पी बदलली, दोर हात फिरवून तपासला. मग हत्ती उचलून, लांबून दोरीनं ओढत, घोडीवर टेकवला, तोंड मधल्या मोकळ्या जागेतून खाली. आता दोर तुटला तरी हत्ती खाली येणार नव्हता. सुतळीला लांब बांबूची आकडी लावली आणि पाच हात दूर उभं राहून ओढली.

मूठभर सरकी गळली आणि तुंबली.

"अरे, कोणी खाली जाऊन हात घाला!" उकंडराव सवयीनं ओरडले, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

फकीर मोहम्मदनं बाजूनं, लांब दांड्याच्या मोगरीनं, पोत्याच्या कुशीवर दोन ठोके दिले. एकदम धडाडलं! सगळी सरकी एका दणक्यात कोसळली. धूळ बसली तेव्हा दिसलं, की जिच्यावर कोकिळा उभी राहायची ती फळी मधोमध मोडून हौदात गेली होती.

उकंडराव त्या दोन तुकड्यांकडे पाहत रडले. "रुख्मिणी, चुकलो वं माय!" त्या दिवसापासून त्यांनी टांगलेल्या हत्तीखाली कोणालाही पाऊल टाकू दिलं नाही. कोकिळेची ओटी भरली ती अंगणात, पाटावर बसवून, सुपातल्या सरकीनं.

मंडळी, रीत माणसासाठी असते. जी रीत माणूस मागते ती मोडा. टांगलेल्या ओझ्याखाली स्वतः जाऊ नका आणि पोटासाठी राबणाऱ्याला तर मुळीच पाठवू नका. मालक म्हणाला, 'नवाच समज', तर आधी त्यालाच खाली उभा करा!

आणि एक मागणं आहे. कोकिळेला मुलगी झाली. आज ती तुमच्यासारखीच कुठेतरी कीर्तन ऐकत बसली असेल. पण फळीवर जिला मागं सरता आलं नाही, त्या रुख्मिणीची आठवण ठेवा. कुठंही पोतं वर चढताना दिसलं, की तिचं नाव घ्या आणि खाली कोणी उभं नाही ना, ते पाहा.