यादीतली रेघ

नवरा-बायको दोघंही पायलट, कंपनीत एकाच दिवशी लागलेले. ती अकरा दिवसांनी मोठी, म्हणून सेवाज्येष्ठतेच्या यादीत एक नंबर वर. सासू तिला गमतीनं ‘थोरली’ म्हणायची.

मंदी आली आणि कंपनीनं यादीतल्या शेवटच्या साठ जणांना बिनपगारी घरी बसवलं. रेघ नेमकी दोघांच्या मधे पडली. ती राहिली, तो गेला.

युनियनच्या सभेला तो आलाच नाही. “लोकांना काय तोंड दाखवू?” म्हणाला.

सभेत ठराव आला, की सगळ्यांनीच थोडी कमी उड्डाणं करायची आणि त्या साठ जणांना परत घ्यायचं.

“वीस वर्षं घासल्यावर आता आमचे तास का कापता?” एक जुने कॅप्टन कडाडले.

ती उठली. “रेघ एक नंबर वर पडली असती तर मी घरी असते, कॅप्टन. तेवढ्यानं मी कमी दर्जाची पायलट ठरले असते का?”

ठराव नऊ मतांनी पडला.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं.

“आणि कॅप्टनांनी मत कुणाच्या बाजूनं दिलं?”

“तुमच्या बाजूनं. हात अर्धवट वर केला, पण केला.”

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. मग म्हणाला, “पुढची सभा कधी आहे? मी येतो.”