अंगठ्यावरची पट्टी

पट्टीखालची कातडी गुलाबी होती. नखाच्या कडेपासून सांध्यापर्यंत एक बारीक, सपाट रेघ. दाबली तरी दुखत नव्हती. काचवाल्याने ती नीट न्याहाळली आणि रोजच्याप्रमाणे तिच्यावर नवी पट्टी गुंडाळली.

काच कापणाऱ्याला जखमेचं काय कौतुक! पण ही चिघळली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला फैलावर घेतलं होतं. "दारूनं रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. नुसतं मलम काय करणार?"

डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने दारू सोडली. आधी हात थरथरले, मग कित्येक वर्षांनी भूक जागी झाली. आता तो अंडी, डाळ, पालेभाजी करून खात असे. समोर कोणी नसल्याने ताट लगेच रिकामं व्हायचं. संध्याकाळ मात्र संपता संपायची नाही.

त्याचं म्हणून माणूस एकच, वस्ताद. ज्याने काम शिकवलं, मोठ्या काचेचं दुसरं टोक धरलं आणि रोज संध्याकाळी समोर पेला ठेवला. सोडली म्हटलं तर तोही तुटेल, या धास्तीने काचवाल्याने थाप मारली होती : "जखम भरेपर्यंत गोळ्या आहेत, वस्ताद. पिऊन चालत नाही."

आज दुकानाची दर्शनी काच बसवून झाली आणि वस्तादाने त्याचं मनगट पकडलं.

"ही जखम आहे का रस्त्यावरचा खड्डा? भरतच नाही! चल मोठ्या डॉक्टरकडे. अंगठा गेला तर काच काय दातात धरशील?"

"राहू द्या हो वस्ताद..."

पण पट्टी सुटलीच. वस्ताद अंगठ्याकडे बघत राहिला.

"ही तर भरलीय."

"कधीचीच."

"म्हणजे मला टाळत होतास, लेका?"

"तुम्ही मला टाळाल, म्हणून."

वस्तादाने पटाशी पुसली, पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली. 

"एकट्यानं बसून बसून मीही कंटाळलोय," तो म्हणाला. "संध्याकाळी येतोस की नाही, एवढं सांग."

काचवाल्याने सुटलेली पट्टी चुरगाळून खिशात टाकली.

"जेवायला बोलावलंत तर येईन. पण पिणार नाही. दारू सोडलीय मी, वस्ताद."